चाकाला हात लावलाय मी

सुधीर, काल तुझ्या फोटोला मी हार घातला नाही. मुद्दाम नाही घातला. शोकसभेच्या हॉलमध्ये सगळे ओळीने उभे राहून घालत होते, वृषालीने माझ्याही हातात एक दिला, आणि मी तो शेजारच्या खुर्चीवर ठेवून बाहेर आले. बायकोसमोर तुझा अपमान केला म्हण हवं तर. आत माइकवर आपल्यातलाच एक जण सांगत होता की सुधीरचे हात सोन्याचे, सुधीर धडाडीचा, सुधीरने डोंबिवलीत खुब्याच्या सांध्यात दुर्बीण घातली तेव्हा भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली. डोंबलाचं! हाच माणूस तुझ्या पाठीमागे तुला बैलगाडी म्हणायचा, कारण तू ऑपरेशनच्या मध्येच थांबायचास. का थांबायचास, ते काल एकाही तोंडातून निघालं नाही. म्हणून मी उठले.

आणखी एक अडचण होती. मेडिकल कॉलेजात आपण एका बाकावर होतो तेव्हापासून, राग आला की मी तुला 'मेल्या' म्हणते. आमच्या रत्नागिरीकडे हा शब्द बायकांच्या तोंडी दिवसभर असतो, लाडानेही आणि संतापानेही. तू त्यावर न चुकता म्हणायचास, "अजून नाही गं." ऐंशी सालापासून हेच चाललेलं. काल तुझ्यावर इतका राग आला होता की शब्द ओठांवर आला आणि तिथेच अडकला. आता काय म्हणू तुला? शिवीसुद्धा शिल्लक ठेवली नाहीस.

आपण कामाला लागलो तेव्हा डोंबिवलीत हाडांचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके होते आणि भूल देणारे त्याहून कमी. मी माझी बॅग घेऊन रिक्षाने या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होमला फिरायचे. खाली किराणा मालाचं दुकान, वर थिएटर. तू ठाण्याहून स्कूटर हाणत यायचास, शर्टाची बटणं चुकीची लावून. खुब्याच्या ऑपरेशनसाठी पाय खेचून धरणारं टेबल हवं होतं आणि परदेशी टेबलाची किंमत ऐकून तुला हसू फुटलं होतं. मग एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून तू ते करून घेतलंस. एका टोकाला चामडी बूट, बुटाला जोडलेलं लोखंडी चाक, आणि मध्ये एक उभा खांब. बुटात पेशंटचं पाऊल बांधायचं, चाक फिरवलं की पाय खेचला जायचा, आणि माणूस टेबलावरून खाली ओढला जाऊ नये म्हणून तो खांब जांघेत. टेबल आलं त्या दिवशी तू स्वतः त्यावर झोपलास आणि मला चाक फिरवायला लावलंस. मी फिरवलं. तू किंचाळलास आणि नंतर अर्धा तास खूश होतास.

चाकाला माझा हात लागला तो तेवढाच.

नव्वदीत तुला दुर्बिणीचं वेड लागलं. गुडघ्यात सगळेच घालायला लागले होते, तुला खुब्यात घालायची होती. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत इतका घट्ट बसलेला असतो की पाय जोरात खेचल्याशिवाय आत काडीसुद्धा शिरत नाही. तू मासिकं वाचलीस, मुंबईत कुणाच्या तरी शेजारी उभं राहून दोनदा बघून आलास, आणि जगदीश आला.

जगदीश कल्याणच्या खाडीकाठच्या गावातला, आगरी घरातला, कबड्डी खेळणारा. मोटारसायकलवरून पडला होता, खुबा निखळून परत बसवलेला, पण हाडाची एक कपची आत सांध्यात राहिलेली. पाय फिरवला की ती अडकायची आणि तो ओरडायचा. मांडी उघडून काढायची तर मोठं ऑपरेशन, कबड्डी बंद. तू त्याला म्हणालास, "दोन भोकं पाडतो, कपची काढतो, पुढच्या मोसमात मैदानात." त्याच्या आईने तुझ्या पायाला हात लावला. तू मागे सरलास, पण खूश झालास, मी पाहिलं ना.

त्या दिवशीचं आपलं भांडण अजून संपलेलं नाही, म्हणून पुन्हा सांगते. खांबाला नुसता कापूस नि बँडेज गुंडाळलं होतं. चाक तू फिरवलंस, फट पडली, दुर्बीण गेली, कपची दिसली आणि निसटली. मग तू तिच्या मागे लागलास. पाय खेचलेलाच. मी म्हटलं, "सुधीर, खूप वेळ झाला, जरा सैल कर." तू म्हणालास, "झालंच गं." मी पुन्हा म्हटलं. तू म्हणालास, "झालंच." तिसऱ्यांदा मी "मेल्या, पाय त्याचा आहे" म्हटलं, तेव्हा तुझ्या चिमट्यात कपची होती आणि तू ती वर धरून नाचवलीस. सगळे हसले. खाली जाऊन बटाटेवडे मागवले. मी खाल्ला नाही, हेही तुला आठवत नसेल.

दुसऱ्या दिवशी राउंडला जगदीश म्हणाला, "डाक्टर, पायाला मुंग्या हायेत." तू त्याच्या केसपेपरकडे बघत म्हणालास, "येतात. जातील."

एवढंच. 'जातील.' किती सोपा शब्द आहे! पेशंटलाही बरं वाटतं, डॉक्टरलाही चहाला जाता येतं.

गेल्या नाहीत. पाऊल वर उचलेना. चालायला लागला तर पावलाचा पुढचा भाग फरशीवर फरपटायचा, चप्पल मागे राहून जायची आणि त्या पोराला चप्पल गेल्याचंही कळायचं नाही. आणखी एक गोष्ट होती, ती त्याने लाजेपायी बरेच दिवस कुणालाच सांगितली नाही. खांबाने जांघेतली नसही दाबली होती, आणि बोलायची चोरी अशा जागी तो बधिर झाला होता. लग्न ठरलेलं पोर, सुधीर. आई उशाशी, नर्स पायाशी, कुणाला सांगणार तो?

मग तू त्याच्या आईला समजावलंस. तुला वाटलं समजावलंस. म्हणालास, "ऑपरेशनात शीर दुखावलीय जरा, हळूहळू येईल." शीर! अरे, आपल्याकडे रक्ताचीही शीर, कपाळावर उठते तीही शीर, पायात गोळा आला तरी शीर चढली, आणि तुझी ती संवेदनांचीही शीरच. त्या माउलीने काय ऐकलं? शीर आखडलीय. आखडलेल्या शिरेला गावात काय करतात? चोळतात आणि शेकतात. घरी नेल्यावर तिने मालिशवाल्याला बोलावलं, आणि विटा तापवून, फडक्यात गुंडाळून, मुलाच्या पावलाला मायेने शेक दिला. मेलेल्या पावलाला चटका कळत नाही. परत आणलं तेव्हा तळव्याची कातडी सोलून आली होती.

तू तिच्यावर ओरडलास. भर ओपीडीत. "कोणी सांगितलं होतं शेकायला?" ती म्हणाली, "तुमीच बोल्ले ना, शीर दुखावलीय? मंग शेक नको द्यायला?" मी तुला पॅसेजमध्ये ओढून काय काय बोलले ते त्या मजल्यावरच्या सगळ्या पेशंटांनी ऐकलं. तू म्हणालास की अशा गोष्टी होतात, पुस्तकात लिहिलंय, बहुतेकांच्या नसा बऱ्या होतात. मी म्हटलं, पुस्तकातल्या पेशंटला आई नसते. तू म्हणालास, "मग काय करू, पाया पडू?" मी म्हटलं, "पड."

आणि गेलास. हे मात्र मान्य करते, आणि हे आठवलं की राग पातळ होतो, म्हणून पटकन सांगून टाकते. रविवारी तू मला घेऊन त्यांच्या गावी गेलास. अंगणात जाळी वाळत होती, जगदीश खाटेवर, पावलाला पट्टी. त्याच्या आईसमोर जमिनीवर बसलास आणि म्हणालास, "पाय फार वेळ खेचून ठेवला मी. माझ्या हातून झालं." असं वाक्य मी तोवर एकाही सर्जनच्या तोंडून ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मग तू वर लोंबणारा बल्ब दाखवलास. "बल्ब चांगलाय, वीजपण आहे. मधली वायर दारात चेमटली तर पेटेल का? तशी पायाची वायर चेमटलीय. तुटली नाही. ती आपली आपण सुधारते, पण वेळ लागतो. तोवर पायाला गरम गार कळणार नाही. शेकायचं नाही, चोळायचं नाही." ती बाई कपाळावर हात मारून म्हणाली, "मंग असा आधी सांगाचा ना, डाक्टर!" नंतर आपल्याला भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. तू दोनदा भाकरी मागून घेतलीस आणि परत येताना स्कूटरवर एक शब्द बोलला नाहीस.

मला वाटलं होतं, स्कूटरवर बोलशील. "तू सांगत होतीस ते बरोबर होतं" एवढंच. नाही बोललास. त्या दिवशी नाही, पुढच्या इतक्या वर्षांत नाही. जगदीशच्या आईसमोर जमिनीवर बसलास, आणि माझ्यासमोर मान वाकडी करून एवढं म्हणालास, "यापुढे घड्याळ तुझ्याकडे. तू म्हटलंस सोड, की मी सोडणार. पण चाकाला हात लावायचा नाही. तोंडाने बोलायचं." ही तुझी माफी! दुसऱ्या दिवसापासून तू मला 'घड्याळबाई' म्हणायला लागलास आणि नर्सांनीही तेच उचललं.

काल माइकवर हे सांगायला हवं होतं त्या लोकांनी. तू खांबाला गादीवाल्याकडून मुद्दाम शिवून आणलेलं जाडजूड फोमचं वेष्टण घातलंस, मांडीएवढं, आणि खांब जांघेच्या मध्यावरून बाजूला सरकवलास. गुडघा किंचित वाकलेला ठेवायला लागलास, म्हणजे मागची मोठी नस ताणली जाणार नाही. मला म्हणायचास, स्नायू पूर्ण सैल कर, अर्धवट भुलीवर मी चाक फिरवणार नाही, कारण स्नायू भांडला की जोर जास्त लागतो. चाकाच्या आधी लांब सुई घालून सांध्यात हवा शिरू द्यायचास, फुस्स आवाज आला की कान टवकारायचास, आणि मग चाक किती कमी फिरवावं लागलं ते सगळ्यांना दाखवायचास. मांडीच्या पुढच्या अंगाला सुरी फक्त कातडीपुरती, खालची बारीक नस कापली जाऊ नये म्हणून. आतलं काम झालं की पहिल्यांदा चाक सैल, मग बाकीचं. आणि काम झालं नसलं तरी माझं घड्याळ सांगेल तेव्हा दुर्बीण बाहेर, चाक सैल, सगळे हात वर करून उभे. नस श्वास घेतेय, म्हणायचास. परत खेचायचं ते नंतर. लागली बैलगाडी तर लागली.

पण हे शहाण्यासारखं झालं म्हणून तू शहाणा झालास असं नाही. प्रत्येक वेळी कटकट. "सोड." "घड्याळबाई, दोनच मिनिटं." "सोड म्हणते ना." "अगं समोर दिसतंय." "मेल्या, सोड." "अजून नाही गं." आणि सोडायचास. दात खाऊन, मला 'सासू' म्हणत, पण सोडायचास. एकदा तुझ्या तोंडावर मास्क असूनही तू काय शिवी दिलीस ते मला कळलं होतं. एकदा मी दमात घेतलं की आता मीच फिरवते चाक, तर म्हणालास, "हात लावून बघ, उभ्याने भांडण होईल."

संध्याकाळचा राउंड मात्र तू कुणावर सोपवला नाहीस. अंगठा वर कर, गुडघ्याकडे. इथे हात लागतो कळतंय का? इथे? मग नर्सांना बाहेर पाठवायचास, नातेवाइकांना चहाला, दार लावून पेशंटला तो दुसरा प्रश्नही विचारायचास, लाजेच्या जागेचा, सरळ शब्दांत. आणि वॉर्डात एक शब्द बंद करून टाकलास. कुणी मुंग्या म्हटलं तर 'जातील' म्हणायचं नाही. कुठे, कधीपासून, वाढतायत की कमी होतायत, हे विचारायचं. तुझ्या हाताखालचा अमित एकदा सवयीने 'जातील' म्हणून गेला, तर तू त्याला सगळ्या पेशंटांदेखत उभं केलंस. "गेल्या नाहीत तर तुझ्या घरी येऊन राहतील," म्हणालास. पोरगा लाल झाला.

आणि आता तुझं ऐक.

वृषालीने मला सगळं सांगितलं. गेलास त्या सकाळी उठलास तो डावा हात झटकत. ती म्हणाली, काय झालं. तू म्हणालास, "हातावर डोकं ठेवून झोपलो वाटतं. मुंग्या आल्यात, जातील." तुझ्या तोंडून! चहा अर्धा ठेवलास, जबडा चोळत होतास, ती म्हणाली दाखवून घे कुणाला, तू म्हणालास कल्याणला ओपीडी भरलेली असेल. ठाण्याहून कल्याणपर्यंत स्वतः गाडी चालवत आलास, त्या हाताने. पेशंट तपासलेस. कुणाचा तरी अंगठा वर करून घेतला असशीलच. आणि तिथेच खुर्चीत मान टाकलीस. मी दोन गल्ल्या पलीकडे होते, सुधीर. एका अपेंडिक्सच्या पोराला भूल देत होते. फोन होता तुझ्या टेबलावर. कुठे, कधीपासून, वाढतायत की कमी होतायत, हे तीन प्रश्न तू सगळ्या कल्याण-डोंबिवलीला पाठ करायला लावलेस आणि स्वतःच्या हाताला एकदा विचारले नाहीस. मोठा आला नसांचा कैवारी! दुसऱ्याच्या पायासाठी थांबायला शिकलास, स्वतःसाठी तेवढी बैलगाडी नाही झाली तुला?

हॉलच्या बाहेर पायरीवर जगदीश बसला होता. आत जायला लाजत होता. आता पोट सुटलंय त्याचं, दोन मुलं आहेत, पाऊल बरंचसं परत आलंय. कबड्डी नाही, पण गावातल्या पोरांना शिकवतो. चप्पल अजूनही भरवशाची नाही म्हणून पट्ट्याची सँडल घालतो, आणि तळव्याला तो भाजल्याचा डाग आहेच. मला बघून उठला. म्हणाला, "म्याडम, कसा झाला?" मी सांगितलं, हाताला मुंग्या आल्या होत्या, जातील म्हणाला. तो म्हणाला, "आनि कोनी इचारला नाय? कुठं, कधीपास्ना?"

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले, आणि तो बिचारा रुमाल शोधत राहिला. तुझ्यासाठी नव्हतं ते रडणं, गैरसमज नको. चिडून रडू येतं मला, तुला माहीत आहे.

आणि आज थिएटर होतं. तू तारीख देऊन ठेवलेली पेशंट, ती कळव्याची पीटीची शिक्षिका, खुब्याची. रद्द करूया म्हटलं मी, पण तिने रजा काढली होती आणि अमित म्हणाला, "मॅडम, सरांनी मला शिकवलंय." शिकवलंयस, खोटं नाही. खांबाचं वेष्टण त्याने स्वतः तपासलं, गुडघा वाकवला, सुई घातली, फुस्स झालं तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. हात चांगला आहे त्याचा. मग आत एक तुटका पापुद्रा त्याला सापडला आणि तो त्याच्या मागे लागला.

मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "अमित, सोड."

"हो मॅडम."

थोडं थांबले. "सोड."

"मॅडम, पाच मिनिटं. झालंच."

नर्स माझ्याकडे बघायला लागली. तुझा नियम कुठे लिहिलेला नव्हता, सुधीर. तुझ्या-माझ्या तोंडी होता, आणि त्यातलं एक तोंड गेलं. मी तिसऱ्यांदा म्हटलं. अमितने वर न बघता काय म्हणावं? "सर असते तर त्यांनीही घेतली असती पाच मिनिटं."

नसती घेतलीस. हे जगात फक्त मला माहीत आहे. मागितली असतीस, चरफडला असतास, पण घेतली नसतीस. टेबलावर त्या बाईचा पाय खेचलेला, तिला बोलता येत नाही कारण भूल मी दिलीय. मी माझ्या स्टुलावरून उठले आणि टेबलाच्या त्या टोकाला गेले, जिथे इतक्या वर्षांत गेले नव्हते. म्हटलं, "दुर्बीण बाहेर घे. मी चाक फिरवतेय." त्याला वाटलं मी नुसती धमकी देतेय. मी हात चाकावर ठेवला. तेव्हा त्याने दुर्बीण बाहेर घेतली. चाक इतकं जड आहे रे, हे मी विसरूनच गेले होते. तू एका हाताने फिरवायचास. मला दोन्ही हात लागले.

सगळे हात वर करून उभे राहिलो. मी म्हणेपर्यंत अमितने परत खेचायचं नाव काढलं नाही, आणि नंतर तो पापुद्रा निघायला खरंच पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, म्हणजे त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी हात धुताना म्हणाला, "सॉरी मॅडम. यापुढे तुम्ही म्हणाल तेव्हा." बघ. एका दिवसात बोलला. तुझ्यापेक्षा बरा निघाला.

संध्याकाळी राउंडला आम्ही दोघं गेलो. तिने अंगठा वर केला, गुडघ्याकडे, चांगला जोरात. अमितने बाकीच्यांना बाहेर पाठवलं, आणि तो दुसरा प्रश्न मी विचारला. सगळं ठीक आहे. मग म्हणाली, "मॅडम, बोटांना जराशा मुंग्या आहेत." अमितने तोंड उघडलं, मिटलं, आणि खुर्ची ओढून तिच्या पायाशी बसला. "कुठल्या बोटांना?" त्याने विचारलं. "कधीपासून?"

मी पॅसेजमध्ये येऊन उभी राहिले, ज्या पॅसेजमध्ये तुला ओढून नेलं होतं. चाकाला हात लावलाय मी, सुधीर. तुझ्या थिएटरमध्ये, तुझ्या टेबलाच्या, सगळ्यांदेखत. उभ्याने भांडण होईल म्हणाला होतास ना?

ये, मेल्या. भांड.